गोगलगायीने चार बोटे मुलूख सर केला त्याची बखर

मागाहून कोणी तिखटमीठ लावू नये म्हणून घडले तैसे वर्तमान लिहिले आहे. चूकभूल लेखणीची, पराक्रम बाईसाहेबांचा.

भौतिकशास्त्रपारंगत बाईसाहेबांनी उभी हयात मऊ, लिबलिबीत व जिवंत पदार्थांच्या मुलुखगिरीत घालविली. आधी साबणाचा फेस सर केला, मग जेली, मग बेडकाची अंडी, आणि सांप्रत मुक्काम गोगलगायीच्या चिकट स्रावापाशी होता. सवाल इतकाच की, हा स्राव स्वस्थ असता घट्ट आणि पायाने रेटा देताच पातळ होऊन वाहतो, हे गौडबंगाल काय. नणंदेने भर जेवणात 'वहिनी शेंबडावर पगार घेतात' ऐसा बोभाटा केला, तोही बाईसाहेबांनी आमटीबरोबर गिळिला.

तों धातुविभागाचे सरदार, ज्यांस पोलादाखेरीज पदार्थच मान्य नव्हता, त्यांची नजर बाईसाहेबांच्या खोलीवर गेली. वरून हुकूम सुटला की, सरदारांनी जातीने पाहणी करावी. प्रयोगात दम दिसल्यास खोली राहील, न दिसल्यास तेथे धातूची भट्टी बसेल.

मग नेमल्या दिवशी काच मांडिली, खाली कॅमेरा लाविला, वर गोगलगाय ठेविली. आणि सरदार खोलीत दाखल होताच गोगलगाय शंखात दाखल जाहली. बाईसाहेबांनी पाणी शिंपडिले, दिवा मंद केला, काकडीचे आमिष दाखविले. एकही अर्जी मंजूर न जाहली. सरदार आधी उभे होते, मग बसले, मग काचेवर वाकले.

"जिवंत आहे ना हो ही?"

"हळू बोला. घाबरते ती."

"आमचं पोलाद नाही घाबरत कुणाला."

"म्हणून तर ते कुठे जात नाही."

मग एक शिंग निघाले, मग दुसरे, आणि शिंगांच्या टोकांवरील डोळे सरदारांकडे वळले. तेव्हा सरदारांच्या पोलादी मुखातून, "चल गं बाळा, शहाणी ना तू," ऐसा शब्द निघाला, जो त्यांच्या लेकरांनीही कधी ऐकिला नसावा.

आणि गोगलगाय चालली. पडद्यावर तिच्या पायाच्या लाटा उमटल्या. लाट येताच स्राव वाहे, सरताच घट्ट धरी.

"अरेच्चा! पुन्हा दाखवा की."

"ते तिलाच विचारा."

येणेप्रमाणे चार बोटे मुलूख काबीज होऊन खोली बाईसाहेबांकडे कायम जाहली. सरदारांनी निघताना फर्माविले की, काच कोणी पुसू नये, आपण उद्या पुन्हा येऊ. फत्तेची खबर फोनाने नणंदेस पोहोचविली, जबाब आला, "म्हणजे अजून शेंबूडच ना, वहिनी?" बाईसाहेबांनी ते बिनशर्त कबूल केले, आणि गोगलगायीस काकडीची चकती वंशपरंपरा इनाम दिली. ती तिने सावकाश खाल्ली.