बिनचेंडूची प्रॅक्टिस

"बुधाजी, तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

हे वाक्य कोंडीराम परबाने दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं, मोरीत तोंड धुताना म्हणून पाहिलं आणि चहाची बशी तोंडाला लावता लावता मनात पुन्हा एकदा घोळवलं. वाक्य चांगलं होतं. घोडं पेंड खात होतं ते पुढच्या वाक्यापाशी. पुढचं वाक्य होतं, 'यंदा तू टीममध्ये नाहीस.'

कोंडीराम लालबागच्या चंद्रमणी मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होता आणि मिलच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी. टीममधले गडी नावाला मिलचे कामगार. हजेरी लावायची, मागांभोवती थोडं घोटाळायचं आणि मैदान गाठायचं. मिल त्यांना पगार देत होती तो पायांचा, हातांचा नव्हे. पण गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये टीमने नऊ गोल खाल्ले आणि साहेबांनी कोंडीरामला केबिनमध्ये उभं केलं.

"परब, हा तुमचा डिफेन्स आहे की चाळीचा जिना? कोणीही यावं आणि वर जावं. पुढच्या सीझनच्या आत दोन नवे बॅक उभे करा, नाहीतर टीम बंद. सगळ्यांना मागावर घालतो."

दोन बॅकांपैकी एकजण आपण होऊनच गावी आंबे राखायला निघून गेला होता. राहिला बुधाजी घाडी. तो राहत होता कोंडीरामच्या भिंतीला भिंत लावून. दोघं देवगडकडच्या एकाच वाडीतले, एकाच बोटीने मुंबईला आलेले. कोंडीरामच्या बायकोचं, कौसल्येचं, पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून इस्पितळात नेलं होतं ते बुधाजीने, कोंडीराम नुसता मागून धावत होता. बुधाजीची बायको कमलाबाई बांगड्याचं कालवण करायची तेव्हा पहिली वाटी परबांकडे यायची. अशा माणसाला 'तू नको' म्हणायचं कोणत्या तोंडाने?

"सांगून मोकळे व्हा," कौसल्या म्हणाली. "भीड भिकेची बहीण. त्या भोईवाड्याच्या पोरांना शब्द देऊन बसलात ना?"

दिला होता खरा. रघु आणि दगडू, दोघंही तगडे, दोघंही वाऱ्यासारखे. दादरच्या वाळूत सकाळची प्रॅक्टिसही ठरली होती, बुधाजीच्या नजरेआड. म्हणजे काम अर्धं झालं होतं, आणि जे लाजेचं होतं तेच नेमकं उरलं होतं.

कोंडीराम गॅलरीत आला. बुधाजी पाटावर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत बसला होता. कोंडीरामला बघताच त्याने लेंगा झटकन खाली ओढला.

"बुधाजी, तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"मी पण तुझ्याकडेच येणार होतो," बुधाजी म्हणाला. "पण तू बोल आधी. प्रॅक्टिस कधीपासून?"

"प्रॅक्टिस... यंदा प्रॅक्टिस नाही."

"नाही? का रे?"

आता पुढचं वाक्य. कोंडीरामने तोंड उघडलं आणि नेमकी त्याच वेळी खालून प्रभातफेरी निघाली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, अशा आरोळीने अख्खी चाळ घुमली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, कोंडीरामला अख्खी प्रभातफेरी सापडली.

"मी ठरवलंय," तो म्हणाला, "मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत आपण चेंडूला पाय लावायचा नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. बुधाजी उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते.

"कोंडीराम," तो म्हणाला, "तू एवढा मोठा माणूस असशील असं मला कधी वाटलं नव्हतं."

कोंडीरामलाही कधी वाटलं नव्हतं. तरी एवढ्यावर भागलं असतं. पण नळावरून बादली भरून येणारे शामराव गुरुजी मागे उभे होते. गुरुजी रात्रशाळेत शिकवत आणि दिवसा संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करत. त्यांनी बादली खाली ठेवली, कोंडीरामचे दोन्ही हात हातात घेतले, आणि दुपारच्या आत चाळीच्या फळ्यावर खडूने बातमी झळकली: चंद्रमणी मिलच्या फुटबॉल वीरांची भीष्मप्रतिज्ञा.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे मारुतीला शेपूट फुटायचं अजून बाकी होतं. रविवारी संध्याकाळी चाळीच्या पटांगणात सत्कार ठेवला. स्टेजवर दोन खुर्च्या, एक कोंडीरामला आणि एक टीमचा सगळ्यात जुना गडी म्हणून बुधाजीला. गुरुजींनी भाषण असं केलं की कोंडीरामला स्वतःविषयी ऐकतानासुद्धा अंगावर काटा आला. मग हार घालायला तळमजल्याच्या राधाबाईंना बोलावलं. छप्पन सालच्या गोळीबारात त्यांचा मुलगा गेला होता. म्हातारीने हार घातला आणि हळूच म्हणाली, "माझा पण फुटबॉलच खेळायचा रे. अनवाणी."

कोंडीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच क्षणी उठून खरं सांगावं असं त्याला आतून वाटलं. पण माणसं टाळ्या वाजवत होती, राधाबाई डोळे पुसत होत्या, आणि अशा वेळी खरं बोलायला जी छाती लागते ती असती तर तो गॅलरीतच बोलला नसता का? त्याने मान खाली घातली. शेजारी बुधाजीनेही घातली होती. लोकांना वाटलं, काय विनय आहे दोघांचा.

सभा संपता संपता गुरुजींनी जमलेल्या सगळ्या तरुणांना हात वर करायला लावून तीच शपथ घ्यायला लावली. गर्दीत मागच्या बाजूला स्वयंसेवकाची फीत लावून रघु आणि दगडू उभे होते. त्यांनीही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी दादरच्या वाळूत कोंडीरामने चेंडू टाकला तर दोघंही दोन पावलं मागे सरकले.

"नाही जॉबर," रघु म्हणाला. "शपथ म्हणजे शपथ. आमच्या घरात दिलेला शब्द फिरवत नाहीत. माझी आई सगळ्या भोईवाड्यात सांगत सुटलीय."

"अरे, ती शपथ माझी आहे."

"म्हणून तर. तुम्हीच मोडली तर आम्ही कोणाकडे बघायचं?" रघु चेंडूकडे बघेना. "तुम्ही आमची परीक्षा बघताय ना?"

"हो," कोंडीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार? "पास झालात."

म्हणजे जिच्यासाठी खोटं बोललो ती टीमच आता खोट्याने बसवून ठेवली. आणि साहेब तर रोज विचारायचे, "बॅक तयार होतायत ना?" कोंडीराम म्हणायचा, "होतायत साहेब." मग त्याने डोकं लढवलं. शपथ चेंडूला पाय न लावण्याची आहे, धावण्याची नाही. तेव्हा प्रॅक्टिस बिनचेंडूची करायची. रघु आणि दगडू हवेतल्या चेंडूवर झेपावू लागले, हवेतला चेंडू हवेत मारू लागले. सकाळी फिरायला येणारी दादरची शहाणी माणसं थांबून बघायची आणि पोरांच्या आईवडिलांची कीव करून पुढे जायची. पण हवेतला चेंडू कधी निसटत नाही, त्यामुळे दोघंही स्वतःवर फार खूश होते. शेवटी नाइलाजाने कोंडीराम स्वतःच चेंडू झाला. तो लेंगा खोचून गोलकडे धावायचा आणि दोघं बॅक दोन बाजूंनी येऊन त्याला आडवा करायचे. हे मात्र झकास जमलं. चार महिन्यांत एकदाही कोंडीराम गोलपर्यंत पोचला नाही.

घरी येताना तो लंगडत यायचा. कौसल्या त्याच्या बुटातली वाळू गॅलरीबाहेर झाडायची आणि एक शब्द बोलायची नाही. तिचं न बोलणं टॅकलपेक्षा जास्त लागायचं.

"मोर्चात रेटारेटी झाली काय रे?" त्याच्या पोटरीवरचं काळंनिळं बघून बुधाजीने विचारलं.

"झाली थोडी."

"आणि बोलला पण नाहीस. अगो कमळे, हळद गरम कर." कमलाबाईंनी हळदीचा लेप आणला आणि बुधाजीने तो स्वतःच्या हाताने कोंडीरामच्या पायाला लावला. कोंडीराम छताकडे बघत बसला. छत त्या क्षणी अंगावर पडलं असतं तर त्याची काही हरकत नव्हती.

तेव्हापासून तो रोज सकाळी पेपर उघडून पहिल्याने दिल्लीची बातमी बघू लागला. विधेयक कुठवर आलं, चर्चा कधी, मंजुरी कधी. मुंबईत महाराष्ट्रासाठी जीव टाकणारी माणसं पुष्कळ होती, पण सीझनच्या आत महाराष्ट्र व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला हा एकटाच असावा. आपण कशासाठी काय मागतोय ते आठवलं की त्याला पेपरसुद्धा तोंडासमोर धरवायचा नाही.

आणि झाला. एक मेच्या सकाळी चाळीला तोरणं लागली, पटांगणात लेझीम घुमू लागली, राधाबाईंनी मुलाच्या फोटोला झेंडूची माळ घातली. बुधाजी पेढ्यांचा पुडा घेऊन परबांच्या दारात आला. आत येऊन तो बसला, पण पेढा पुढे करेना.

"कोंडीराम, शपथ आज सुटली," तो म्हणाला. "आता मला बोलू दे. तोंड दाखवायची लाज वाटते मला तुझ्यासमोर."

"तुला?"

"मी फुटबॉल सोडला तो महाराष्ट्रासाठी नाही रे. माझा गुडघा गेलाय. त्या दिवशी गॅलरीत मी हेच सांगणार होतो, की मला यंदा सोड, दुसरा बॅक बघ. पण तू एवढी मोठी गोष्ट बोललास, मग मी गुडघ्याचं काय बोलू? आणि फुकटचा हार घेतला. राधाबाईंच्या हातून घेतला." बुधाजीने हात जोडले. "मला माफ कर."

खरा मर्द असता तर त्याने इथे पाय धरले असते. कोंडीरामने काय केलं? त्याने मोठ्या मनाने बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "माणूस आहे, चुकायचाच. मी माफ केलं."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला आणि हातात डाव घेऊन कौसल्या दारात उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं झालं असेल तर आता ह्यांचं ऐका. ह्यांना पण काही सांगायचंय. आणि ह्यांनी नाही सांगितलं तर मी सांगते, वाळूपासून सुरुवात करून."

मग कोंडीरामने सांगितलं. नऊ गोलांचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, रघु-दगडूचं, वाळूचं, पोटरीवरच्या हळदीचंही सांगितलं. सांगताना त्याची नजर फरशीवरून हलली नाही. त्याला वाटलं, आता बुधाजी हसेल. दोघंही चोर, मग रागवायचं कोणी कोणावर?

बुधाजी हसला नाही.

"म्हणजे तू मला काढलं होतंस?"

"अरे, पण तू स्वतःच सोडणार होतास."

"मी सोडणं वेगळं, तू काढणं वेगळं. गुडघ्याचं तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग चांगल्या गुडघ्याचा बुधाजी घाडी तुला नको झाला?"

"बुधाजी, नऊ गोल खाल्ले रे आपण."

"नऊतले सहा त्या आंबेवाल्याच्या बाजूने गेले," बुधाजी म्हणाला. तो उठला, पेढ्यांचा पुडा काखोटीला मारला आणि निघून गेला. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पेढे खाल्ले असतील, परबांच्या घरी मात्र एक कण आला नाही. कालवणाची वाटीही आली नाही. सणासुदीचा दिवस कोंडीरामने भिंतीकडे तोंड करून काढला.

दुसऱ्या सकाळी मैदानावर खुद्द साहेब आले, नवा डिफेन्स बघायला. कोंडीराम मैदानाच्या कडेला टचलाइनवर उभा राहिला आणि महिनोन्‌महिन्यांनी खरा चेंडू मैदानात पडला. फॉरवर्ड तो घेऊन निघाले. रघु आणि दगडू बरोबर जागेवर होते, बरोबर वेळी सुटले, आणि चेंडूला बाजूने जाऊ देऊन दोघंही सवयीप्रमाणे सरळ टचलाइनवर आले. त्यांनी दोन बाजूंनी कोंडीरामला असा काही आडवा केला की त्याची टोपी साहेबांच्या पायाशी जाऊन पडली.

"परब, हे काय आहे?" साहेब म्हणाले.

कोंडीराम खालूनच उत्तर शोधत होता, तेवढ्यात चेंडू गोलच्या तोंडातून उलटा, उंच, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. गोलसमोर बुधाजी उभा होता. गुडघ्याला हे एवढं फडकं गुंडाळलेलं, अंगावर मिलची जुनी जर्सी.

"हा ठेवा," साहेब म्हणाले. "ही पोरं होतील हळूहळू तयार. पण निदान एक माणूस असा पाहिजे ज्याला चेंडू म्हणजे काय ते ठाऊक आहे." आणि ते गाडीत बसून गेले.

कोंडीराम अंगाची माती झटकत बुधाजीजवळ गेला. गुडघा फडक्याखाली टम्म फुगला होता. यावर सबंध सीझन निघायचा नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बुधाजी," तो म्हणाला, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल."

सगळी टीम बघत होती. रघु बघत होता. कोंडीरामने खाली बघितलं. बुधाजीच्या बुटाची नाडी सुटली होती, आणि ती बांधायला त्याला वाकता येत नव्हतं.

कोंडीराम सगळ्यांदेखत मातीत बसला आणि नाडी बांधू लागला.

"घट्ट बांध," बुधाजी वरून म्हणाला. "यंदा मी कुठे जात नाही."