दसऱ्याला पाजलेलं तेल

दसऱ्याच्या सकाळी सुरेंद्रनं सायकलला तेल द्यायचं ठरवलं, एवढंच निमित्त झालं. तो सकाळी नुसतं श्रीखंड खाऊन झोपला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सुरेंद्र चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा मेंटेनन्स बघतो. गाड्यांचे पत्रे दाबणारी ती अवाढव्य धूडं आपल्याच जिवावर चालतात असं त्याचं मत आहे (कंपनीचं मत अजून बाहेर आलेलं नाही). इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचा एकच सिद्धांत पक्का झालाय. लोखंड कुरकुरलं की त्याला तेल पाहिजे, आणि कुरकुरलं नाही तरी आधीच दिलेलं बरं. दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, सोसायटीचं गेट, एकदा तर सासूबाईंच्या चष्म्याची दांडी, सगळ्यांना त्यानं तेल पाजलंय. सासूबाई त्या दिवशी दोनदा चष्मा पुसून म्हणाल्या होत्या, "जावईबापूंचा हात मोकळा आहे."

खंडेनवमीला कंपनीत मशिनी धुतल्या, पुसल्या, तेल दिलं, झेंडूच्या माळा घातल्या. तोच उत्साह घेऊन दसऱ्याला तो घरच्या वाहनांकडे वळला. स्कूटरला काय, तिची सर्व्हिसिंग होते. लाडाची होती ती सायकल.

ही सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची आणि पुढे शॉकअप असलेली. मोशीतल्या त्यांच्या सोसायटीतला सुजित हा 'चढ-उतार' नावाच्या ग्रुपचा प्रमुख. आयटीत असल्यामुळे त्याच्याकडे हेल्मेटवर लावायचा कॅमेराही होता. भोसरीत फॅब्रिकेशनचं शेड असलेला धम्मपाल हा दुसरा खांब, कारण पिकअप गाडी त्याची. रविवारी सायकली पिकअपमध्ये टाकायच्या, कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, वर चढायचं, खाली यायचं आणि मिसळ खायची. यातलं मिसळ खाणं सुरेंद्रला उत्तम जमायचं. चढावर तो शेवटी असायचा. उतारावर तर दोन्ही ब्रेक दाबून थांबायचा आणि मुलीला शाळेत सोडायला निघाल्यासारखा सायकलचा हात धरून चालत खाली यायचा. तरीही दर रविवारी त्याचं कोपर नाहीतर गुडघा सोललेला असायचा. उभ्या उभ्या पडणं ही त्याची खासियत होती.

शेवटी सुमेधा वैतागली. सुमेधा म्हणजे त्याची बायको. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातही उत्तराबरोबर रीत मागते.

"मेमध्ये ग्रुपबरोबर सायकलनं मनालीला जायचं म्हणताय ना," ती म्हणाली, "मग या रविवारी भामचंद्रच्या डोंगरावर जाऊन दाखवा. अंगावर एक ओरखडा न आणता परत आलात तर मनाली. ओरखडा दिसला, तर सायकल बाल्कनीत आणि तिच्यावर माझे वाळत घातलेले कपडे."

सुरेंद्रला मनालीला जायचंच होतं. डिप्लोमाचे मित्र गोव्याला गेले तेव्हा हा अप्रेंटिस होता. पुढे मित्र राजस्थानला गेले तेव्हा याचा ओव्हरटाइम निघाला. चार मित्रांबरोबर लांब कुठेतरी जावं, थंडीत कुडकुडत चहा प्यावा आणि परत आल्यावर महिनाभर लोकांना त्याच गोष्टी सांगाव्यात, एवढी साधी हौस त्याच्या मनात इतकी वर्षं तशीच राहून गेली होती.

म्हणून दसऱ्याला त्यानं मन लावून काम केलं. साखळी, पॅडल, गिअर, सगळं न्हाऊ घातलं. मग त्याचं लक्ष चाकांच्या मधोमध बसवलेल्या पोलादी चकत्यांकडे गेलं. त्यांना डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन गुटके या डिस्कला दोन्ही बाजूंनी कचकन धरतात आणि सायकल थांबते. तिथे तेलाचं बोटसुद्धा लागू द्यायचं नसतं. सुरेंद्रला मात्र त्या डिस्क कोरड्या ठणठणीत आणि बिचाऱ्या दिसल्या. त्यानं दोन्ही डिस्कना सढळ हातानं तेल दिलं, गुटक्यांनाही विसरला नाही आणि वर माळ घातली.

रविवारी सायकली पिकअपमधून गेल्या, त्यामुळे वाटेत ब्रेक लागायचा प्रश्नच आला नाही. चढावर ब्रेक कोण दाबतो? उलट सुजित म्हणाला, "राव, आज तुझ्या सायकलचा आवाजच येत नाहीये." सुरेंद्र धापा टाकत असल्यामुळे फक्त मान हलवून कौतुक स्वीकारू शकला.

डोंगराच्या खांद्यावर पोचून सगळे पाणी प्यायले. उतार सुरू झाला. सुजित पुढे, मागे धम्मपाल, शेवटी नेहमीप्रमाणे सुरेंद्र. त्यानं नेहमीप्रमाणे दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक दाबले गेले, पण सायकलनं ते मनावर घेतलं नाही.

आधी त्याला वाटलं, थोडं आणखी दाबावं. मग त्यानं सगळा जीव बोटांत आणला. तोवर धम्मपाल जवळ आला, बाजूला आला आणि मागे पडला. एका दगडावरून सायकल (चालवणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध) उडाली आणि सरळ चाकांवर उतरली. भीतीनं सुरेंद्रच्या तोंडून शब्द फुटेना. दात घट्ट मिटलेले, डोळे समोर. सुजितनं वळून पाहिलं तेव्हा त्याला तो चेहरा एकाग्रतेचा वाटला. पुढच्याच क्षणी सुरेंद्र त्याच्याही पुढे गेला. आपण मेलो तर सुमेधा काय म्हणेल, हा विचार त्याच्या मनात आला. त्यापाठोपाठ, नुसतं खरचटलं तर काय म्हणेल, हाही आला आणि तो जास्त भयंकर वाटला.

पायवाट संपली तिथे सोपानराव नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं आणि बांधाला झेंडूचा ढीग. दसऱ्याला भाव पडल्यावर उरलेली फुलं त्यांनी तिथेच ओतली होती. सायकल बांधाला अडली आणि सुरेंद्र एकटाच पुढे जाऊन ढिगात गेला, छातीपर्यंत.

पाण्याचा पाइप हातात धरून सोपानराव हे बघत होते.

"पावनं, फुलं पायजेत तर घेऊन जा की," ते म्हणाले. "आमी टाकूनच दिल्यात. त्यापायी उडी कशाला मारायची?"

सुरेंद्रच्या तोंडात पाकळ्या असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात दोघे मित्र येऊन पोचले.

"भावा," सुजित त्याला बाहेर ओढत म्हणाला, "एवढी वर्षं तू आम्हाला गंडवत होतास का?"

"मी म्हटलं होतं," धम्मपाल म्हणाला (त्यानं कधीच म्हटलं नव्हतं), "हा माणूस मुद्दाम मागं राहतो."

खरं सांगायची वेळ ती होती. डिस्कवरचं ओलं काळं वर्तुळ सुरेंद्रला तिथेच दिसलं आणि आपण काय करून बसलो तेही कळलं. पण मिसळीच्या हॉटेलात दोघांनी त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं. त्याच्यासाठी जास्तीचा पाव मागवला. आजवर त्याच्यासाठी कोणी काही मागवलं नव्हतं. सुरेंद्रनं विचार केला, पाव संपला की सांगू. पाव संपला तेव्हा सुजित बोलत होता.

"मनालीला उतारावर पुढे तू. तिथं एका बाजूला दरी असते, अनुभवी माणूस पुढे बरा."

सुरेंद्रच्या घशात तर्री अडकली. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, ते मित्रांना आनंदाश्रू वाटले.

परतीच्या वाटेवर त्याला एकच आशा होती, सुमेधाची. ती नाही म्हणेल. ती नेहमीच नाही म्हणते.

दारातच तपासणी झाली. कोपरं, गुडघे, तळहात. कॉलरमधून मूठभर झेंडू निघाला, ओरखडा निघेना.

"हा बघ," सुरेंद्रनं स्वतःहून पोटरी पुढे केली, "हा नवीन दिसतोय."

"तो मागच्या दिवाळीचा. कंपनीतला."

"आणि हा?"

"तो डास आहे," सुमेधा म्हणाली आणि तिनं तो मारला. "पास झालात. जा मनालीला."

त्याच वेळी सुजितचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. सुमेधानं तो सोफ्यावर बसून पाहिला, पुन्हा मागे नेऊन पाहिला. खालच्या मजल्यावरच्या बायकांचे कौतुकाचे निरोप येऊ लागले. तिनं मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं आपल्याकडे असं पाहिल्याचं सुरेंद्रला आठवेना.

"मला माहीतच नव्हतं हो," ती म्हणाली. "मी उगीच तुम्हाला अडवत आले."

हे मात्र सुरेंद्रला सोसलं नाही. मित्रांना फसवणं एक वेळ जमलं असतं. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तेल, डिस्क, झेंडू, दरी.

सुमेधा आधी हसली नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "ढीग नसता तर?" एवढंच म्हणाली. मग त्याच्या कानामागची राहिलेली पाकळी तिला दिसली आणि ती जी हसायला लागली, ती पदरानं डोळे पुसेपर्यंत हसत राहिली. सुरेंद्रही हसला. त्याला खूप हलकं वाटलं आणि थोडं रडूही आलं.

"पण सुजितला काय सांगू? आणि मनाली तर गेलीच," तो म्हणाला.

"थांबा." तिनं फोन उचलला आणि ती गॅलरीत गेली. काचेआडून त्याला तुकडे ऐकू येत होते. "भाऊजी, व्हिडिओ पाहिला... नाही हो, ते तयारच आहेत, मीच घाबरट... सायकलवर नको, माझी शपथच घातलीय त्यांना..." सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन ती त्याची अब्रू राखत होती. सुरेंद्रचा ऊर भरून आला. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं तो मनात म्हणाला आणि उद्या हे तिला सांगायचं ठरवलं.

ती आत आली. "तुम्ही मनालीला जाताय. सायकल न नेता. सामानाची जीप असते म्हणे मागनं, त्यात."

सुरेंद्र ताठ बसला. चेहऱ्यावर जबाबदारी आणत म्हणाला, "घाटात जीप चालवायची म्हणजे सोपं काम नाही. नजर लागते. मी त्यांना आधीच म्हणणार होतो, एक चांगला माणूस त्या जीपवर..."

"चालवायची नाहीये," सुमेधा म्हणाली. "ड्रायव्हर तिथलाच ठरलाय. पण त्याला दुपारी डुलकी येते म्हणे. तुम्ही शेजारी बसून बोलत राहायचं. सुजितभाऊजी म्हणाले, या कामाला सुरेंद्रशिवाय दुसरा माणूस डोळ्यासमोर येत नाही."

सुरेंद्रनं हळूच विचारलं, "म्हणजे पुढची सीट ना?"