डुकरीचा खालचा पाइप

इनास कुठल्याही गोष्टीवर दाबून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पाव दाबतो, केळं दाबतो, नवीन चप्पल दाबतो. माणूस भेटला तर त्याचं मनगट अंगठ्याने दाबतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. निकाल तीनच. "चालेल." "बघू." नाहीतर "गेला."

माझी बायको सुमन गेली त्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. जो तो देवाची मर्जी वगैरे बोलत होता. इनास आला, त्याने माझं मनगट धरलं, बराच वेळ दाबलं आणि म्हणाला, "बघू." लोकांनी वळून बघितलं. मलाही राग आला. पण खरं सांगतो, त्या दिवशी कोण काय बोललं त्यातलं तेवढंच माझ्या लक्षात राहिलंय.

कळंबच्या वाटेवर आमची घरं लागून आहेत. तो किरिस्ताव, मी केळीच्या वाडीवाला. मधे एक कुंपण होतं, ते दोघांच्याही कोंबड्यांनी कधीच मानलं नाही. इनास कंपनीत फिटर होता. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बघू." आता तो पंच्याहत्तरीचा आहे.

त्याच्याकडे एक जुनी, गोल पाठीची छोटी गाडी आहे. अशा गाडीला लोक डुक्कर म्हणायचे. हा डुकरी म्हणतो, लाडाने. नवी मुलं तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. इनास त्यांना आधी चपला काढायला लावतो.

तर गोष्ट पाइपाची. सुमनचं वर्षश्राद्ध दिवाळीच्या तोंडावर येत होतं. तिची मोठी बहीण सिंधूताई चांदीपला असते. ती अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे शेवटचं बघायलाही येऊ शकली नाही. श्राद्धाच्या दिवशी जाऊन सुमनच्या दोन साड्या ताईच्या हातात द्यायच्या आणि तिच्याजवळ घटकाभर बसायचं, एवढं एकच काम माझं उरलं होतं. मी रिक्षा ठरवणार होतो.

"रिक्षा नाय," इनास म्हणाला. "माझ्या गाडीतनं जायचं."

"ती वर्षभर हललेली नाही."

"खालचा पाइप गळतो. बदलतो. मग जाऊ."

मला वाटलं पाइप म्हणजे काय, पाइप. जन्मभर मी वाडीला पाणी लावलं आहे. इनासने मला उभं करून समजावलं. इंजिन तापतं, त्याचं गरम पाणी वरच्या रबरी पाइपातून पुढच्या जाळीत जातं, तिथे गार होतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात येतं. खालचा फुटला की सगळं पाणी रस्त्यावर. एवढं मला कळलं. त्यापुढचं काहीच कळलं नाही.

आचोळ्याला गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे गेलो. दुकानदार जाडा, शांत माणूस.

"कुठली गाडी, काका?"

"डुक्कर."

"मॉडेल विचारतोय."

"मॉडेलच सांगतोय."

त्याने तीन पाइप समोर ठेवले. एक साधा काळा. एक काळाच, पण आत कापडाचे थर. एक निळा, चकचकीत, लग्नातल्या मांडवाला शोभेल असा. एक सरळ, दोन वाकडे. इनासने खिशातून मेणबत्तीचं थोटूक काढलं. चर्चमधल्या जाड्या मेणबत्तीचं. डुकरीच्या पाइपाचं तोंड आणि ती मेणबत्ती यांचं माप एकच, हा शोध त्याने स्वतः लावलेला. फादरांना अजून माहीत नाही. थोटूक प्रत्येक पाइपात घालून बघितलं, मग पाइप दाबला, वास घेतला, कानाला लावला.

"ऐकतोस काय?" मी विचारलं.

"रबर बोलतं."

"काय बोलतं?"

"तुला नाय ऐकू यायचं. तू केळीवाला."

काळा नरम निघाला. कापडवाल्यात थर किती हे दुकानदाराला सांगता येईना. निळा टिकेल, पण वाकडा चुकीच्या बाजूला. सगळ्यांना "बघू." दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने आम्हाला बघून चहाच मागवला. माझ्या डोक्यात तोवर वाकडा, सरळ, काळा, निळा यांची भेळ झाली होती. मला स्वप्नात पाइप दिसायला लागले. सुमन एकदाही दिसली नाही, पाइप दिसत होते. मला समजेना, ज्या माणसाने जन्मभर कंपनीतली मशिनं जोडली त्याला हातभर रबर का निवडता येत नाही!

श्राद्धाला दोन दिवस उरले तेव्हा माझी सटकली. पंपाच्या खोलीत वाडीच्या पाण्याचा जाडा काळा पाइप पडला होता. हातभर कापला, घेऊन गेलो. मेणबत्ती बरोब्बर बसली.

"वीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलंय याने," मी म्हणालो. "टिपूस गळला नाही."

इनासने दाबला. डोळे मिटले. तो इतका दमलेला होता की "चालेल" म्हणून गेला. पाइप चढवला, वरून मी केळीच्या सोपटाचे, खोडाच्या सुकलेल्या सालीचे, चार वेढे घट्ट आवळले, पानवेल बांधतो तसे. गाडी चालू केली. छान चालली. आम्ही दोघं बॉनेटशी उभे राहिलो, लेकीचं स्थळ बघायला आलेल्या माणसांसारखे.

मग तो पाइप फुगायला लागला. कोंबडी गिळलेल्या अजगरासारखा. विहिरीचं पाणी गार असतं, हे मी सत्तर वर्षं अंगावर घेतलेलं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. फट्‌ झालं, वाफ उठली आणि जाळीतलं हिरवं पाणी इनासच्या पँटवर. दोघांच्याही कोंबड्या एकाच बाजूला पळाल्या.

इनासने इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि म्हणाला, "गेला."

मग पायरीवर बसला. "रिक्षा कर, दाम्या. माझ्याने नाय होत."

मी सांडलेलं पाणी पुसायला फडकं शोधत डिकी उघडली. जादा चाकाच्या खाली प्लास्टिकची पिशवी होती. तोंड चिकटवलेलं. आत नवाकोरा पाइप, वाकडा, कापडाचे थर असलेला. त्याला सुतळीने पुठ्ठा बांधलेला. इनास सगळ्या सामानाला असे पुठ्ठे बांधतो. मी चौथी शिकलोय, मला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावून वाचलं. वयनी. चांदीप. दिवाळीआधी.

मी दोनदा वाचलं. वाचण्यात चूक झाली असेल असं वाटलं. सुमनला वयनी म्हणणारा आळीत तो एकटाच.

"हा काय आहे?"

त्याने वर बघितलं आणि परत खाली.

"मागच्या वर्षीचा," तो म्हणाला. "वयनी कुंपणाशी आली होती. म्हणाली, इनासभाऊ, एकदा ताईकडे न्या, रिक्षात कंबर जाते. मी म्हटलं, पाइप बदलतो, मग जाऊ. हा आणला. मग वाटलं, थर कमी आहेत. वाटेत फुटला तर? आजारी बाई गाडीत, हायवेवर. निळा बघू म्हटलं. मग दुसरा बघू म्हटलं."

तो पाइपाकडे बघत नव्हता.

"मी बघत राहिलो, दाम्या. ती गेली."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? त्या पाइपानेच त्याला हाणावं असं वाटलं. पण हात वर उचलतानाच मला आठवलं, तिने मलाही सांगितलं होतं. मी भाजी निवडत होतो. म्हणालो होतो, आधी बरी हो, दिवाळीत जाऊ.

मी पिशवी फाडली. पाइप दाबला. मला त्यातलं काय कळतंय! वासही घेतला, रबराचा आला. कानाला मात्र लावला नाही, एवढी लाज मला आहे.

"चालेल," मी म्हणालो. "लाव."

"थर कमी आहेत."

"लाव म्हणतो ना! इथून चांदीपला जायचंय, रोमला नाय!"

त्याने लावला. दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळताना त्याचं बोट कापलं, तरी थांबला नाही.

श्राद्धाच्या दिवशी निघालो. साड्यांची पिशवी मी मांडीवर घेतली होती. "मागे ठेव," तो म्हणाला. "वयनी मागे बसायची, डावीकडे." मी ठेवली. त्याने उतरून मागच्या डाव्या खिडकीची काच खाली केली. हायवे ओलांडेपर्यंत तो चार वेळा थांबला, बॉनेट उघडून वाकून बघितलं. पाचव्यांदा त्याचा हात हँडब्रेकवर गेला, तो मी बाजूला केला. चांदीपच्या वाटेला दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं. थेंब गळला नाही.

सिंधूताईने साड्या छातीशी धरल्या. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या इनासकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं का, मला अजून समजलेलं नाही.

"किती उशीर केलात रे," ती म्हणाली.

"पाइप मिळत नव्हता," इनास म्हणाला.

"दोघांनाही," मी म्हणालो.

परत निघायच्या आधी त्याने गार झालेला पाइप दाबला. मग सवयीने माझं मनगट धरलं, डोळे मिटले. पण निकाल काही येईना. मग मीच त्याचं मनगट पकडलं आणि अंगठ्याने दाबलं. बारीक झालं होतं.

"बघू," मी म्हणालो.