बीसीएल सर

काहीही मेलं, की साळवे सरांचा पहिला प्रश्न असायचा, "आपणहून, की कुणी मारलं?" माणसांच्या बाबतीत ते असं विचारत नसत, तेवढं भान त्यांना होतं. पण कुंडीतलं पान गळालं किंवा बेडकाच्या पिल्लाची शेपूट जिरली, तर चौकशी झाल्याशिवाय राहायची नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं राहुरी तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, ते प्राणिशास्त्र. देवळाली प्रवरेत आमच्या घरांची भिंत एकच. सर मूळचे पाथर्डीकडचे, एकटेच राहायचे. पुण्याला गेले की बूट न घेता पुस्तकं घेऊन यायचे. अशाच एका पुस्तकात त्यांना ते जनुक भेटलं, बीसीएल-टू नावाचं. त्यानंतर पोरं त्यांना बीसीएल सर म्हणू लागली.

त्यांचं म्हणणं असं, की शरीरातल्या प्रत्येक पेशीला वेळ आली की मरायची सोय जन्मापासूनच दिलेली असते. पण उगाच कुणी मरू नये म्हणून या जनुकापासून तयार होणारं प्रथिन हेडक्लार्कसारखं दारात बसतं आणि रजेचे अर्ज अडवून धरतं. "आता हाच क्लार्क जास्त कडक झाला तर? जायला हव्यात त्या पेशी जात नाहीत, साठत राहतात. कॅन्सरची एक जात अशीच होते. रजा वेळेवर मंजूर झाली पाहिजे, देशपांडे." हे ते मला चहात बिस्किट बुडवून सांगायचे, आणि तेवढ्यात बिस्किट तळाला जायचं.

प्राचार्यांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषण केलं. वेळ झाली की शांतपणे बाजूला होणारी पेशी सगळ्यात थोर, आपले प्राचार्य तसेच आहेत, असं ते मनापासून म्हणाले. प्राचार्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला होता, हे त्यांच्या कानावरच नव्हतं. मुदतवाढ मिळाली, आणि पुढे बरेच दिवस सरांना सकाळचा पहिला तास आणि गळकी प्रयोगशाळा मिळाली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

आमच्या समोर ताराबाई राहायच्या. त्यांचा मुलगा साखर कारखान्यात कामाला होता. त्याची बायको मंदा बाळंत झाली आणि मुलाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जोडलेली निघाली. आदल्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं होतं. त्या वेळी मंदानं ब्लाउजला हूक लावला होता, हे ताराबाईंना पक्कं आठवत होतं. सुईनं पोराची बोटं शिवली गेली, असं गल्लीत झालं. मंदाला माहेरी धाडायचं बोलणं सुरू झालं. ती कुणाशी बोलेना, पोराचा हात सारखा पदराखाली झाकून ठेवायची.

हे ऐकलं आणि सर तडक समोर गेले. मीही मागोमाग गेलो. ओट्यावर ताराबाई गहू निवडत होत्या, मंदा दारात बसली होती. सरांनी आपला पंजा पसरून सुरुवात केली. पोटात असताना सगळ्यांचीच बोटं जोडलेली असतात. मधल्या पेशी आपणहून मरतात आणि बोटं सुटी होतात. या बाळाच्या त्या पेशी मेल्या नाहीत, एवढंच. मग बीसीएल-टू आलं, हेडक्लार्क आला. ताराबाईंनी सूप थांबवलं नाही.

"गिराणात सुई धरली तिनं," त्या म्हणाल्या. "नको म्हनलं हुतं म्या."

सरांनी पसरलेला पंजा मिटला. मग त्यांनी विचारलं, दिवाळीत कितवा महिना होता? ताराबाईंनी बोटांवर मोजलं. पाचवा.

"बोटं सुटी होतात ती दुसऱ्या महिन्यात," सर म्हणाले. "सुई हातात घेतली तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आजी."

ताराबाईंनी पुन्हा मोजलं. सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात सरांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय ओट्यावर ठेवला. त्यांच्या पायाची दोन बोटं नखापर्यंत एकमेकांना चिकटलेली होती. सर घरातही मोजे घालत; इतक्या वर्षांच्या शेजारात मी ती कधी पाहिली नव्हती. मंदा जवळ आली, वाकून बघत राहिली.

"मग माझ्यामुळं न्हाई ना झालं, सर?"

"नाही गं. तुझ्यामुळे नाही."

ताराबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याचा हात उन्हात धरून पाहिला. माहेरचं बोलणं तिथंच मिटलं. पुढे मूल मोठं झाल्यावर नगरच्या एका डॉक्टरांनी बोटं सुटी केली. तिथं सर मंदाच्या नवऱ्यासोबत दिवसभर बाकावर बसून होते.

त्या दिवशी ओट्यावरून परतताना मी त्यांना विचारलं, तुमच्या आईला सांगितलंत का हे कधी?

ते चालता चालता थांबले. त्यांच्या आईच्या गोधड्यांना पंचक्रोशीत मागणी असायची, म्हणाले. सर जन्मले आणि लोकांनी ग्रहणाचा हिशोब काढला. त्यानंतर तिनं सुई हातात धरली नाही. घरातली फाटकी गोधडीसुद्धा शेजारणीकडे द्यायची. झोपलेल्या मुलाच्या पायावरून हात फिरवत बसायची.

"मला हे पुस्तकात सापडलं तेव्हा ती नव्हती," सर म्हणाले. "ग्रहणात तिला कितवा महिना होता, तेही आता कुणाला विचारणार?"

मग कुलूप काढून ते आत गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.