थांबाराव आणि फुगलेलं दार

थांबारावांच्या घरातल्या बाथरूमचं दार फुगलं होतं. सुताराला बोलवायचं, रंधा मारून घ्यायचा, विषय संपला. सुतार आलाही होता, एकदा सोडून तीनदा. पण त्याने पिशवीतून रंधा काढला रे काढला, की थांबाराव म्हणायचे, "थांबा! आत्ता तासलं आणि उद्या कोरड्या हवेत दार आकसलं तर? फट राहील. फटीतून दिसेल. मग?" सुतार बिचारा रंधा परत पिशवीत घालायचा आणि चहा पिऊन जायचा. (तिसऱ्या वेळी त्याने पिशवी आणलीच नव्हती, सरळ चहालाच आला होता.)

थांबाराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या फायली त्यांच्या टेबलावरून जायच्या, म्हणजे जायच्या नाहीत, तिथेच राहायच्या. पुढे बायकोही त्यांना याच नावाने हाक मारू लागली. त्यावर रागवावं की हसण्यावारी न्यावं, याचा थांबाराव अजून विचार करताहेत.

त्यांचे वडील, अप्पा, म्हणजे दुसरं टोक. त्यांची उभी हयात आगीच्या बंबावर गेली. घंटा वाजली की शर्टाची निम्मी बटणं धावत्या गाडीत लावायची, अशा तालमीतला माणूस. आता गुडघे कुरकुरत होते, पण स्वभाव तोच. त्या रविवारी सकाळी ते दाराशी झटापट करून बाथरूममधून बाहेर आले, ते तापूनच.

"एवढंसं दार तासून घेता येत नाही तुला?"

"जरा विचार करून करावं लागतं, अप्पा. तुमचं बरं होतं. तुम्हाला नुसती दारं तोडायची असायची."

अप्पा पेपर घेऊन खिडकीशी जाऊन बसले, आणि तो पेपर बराच वेळ एकाच पानावर राहिला. आपण नको ते बोलून बसलो, हे थांबारावांना तेव्हाच कळलं. माफी मागावी असं मनातही आलं. पण लगेच मागावी की जेवण झाल्यावर, उभ्याने मागावी की शेजारी बसून, या घोळात दुपार झाली. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात दोघंच, आणि दोघंही गप्प.

अप्पा उठून बाथरूममध्ये गेले. थोड्या वेळाने आतून धप्पकन आवाज आला. मग काहीतरी गडगडत गेलं. मग नुसता नळ.

"अप्पा?"

नळ.

थांबाराव धावत दाराशी गेले. (इथवर त्यांनी अजिबात विचार केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.) दोन बोटांनी मूठ धरून त्यांनी अलगद ओढून पाहिली. दार हललं नाही. आणि मग त्यांचं डोकं सुरू झालं, डोक्याबरोबर तोंडही, कारण त्यांना मोठ्याने विचार करायची सवय.

"आतून कडी लावलेली असणार. म्हणजे तोडावं लागणार. पण अप्पा दाराला टेकूनच पडले असले तर? दार त्यांच्याच अंगावर! बरं, खिडकीतून जावं, तर खिडकी केवढी आणि मी केवढा. सुताराला बोलवावं, तर आज रविवार. आणि समजा नुसती बादलीच पडली असेल, तर? मी दार तोडून आत, आणि अप्पा आंघोळ करताहेत! आधीच सकाळपासून बोलत नाहीयेत. रागानेच ओ देत नसतील का?"

हा शेवटचा विचार त्यांना फार पटला, कारण त्यात स्वतःला काही करावं लागत नव्हतं. पण नळ वाहत होता. आणि नळ नुसता ठिबकला तरी अप्पांचा जीव खालीवर व्हायचा. ते शुद्धीवर असते तर त्यांनी तो असा वाहू दिला असता का? 'तुम्हाला नुसती दारं तोडायची असायची.' हेच आपलं वडिलांशी शेवटचं बोलणं ठरलं तर?

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, जोरात ओढलंत का दार?"

"मूठ ढिली आहे. हातात आली तर मग धरायला काहीच उरणार नाही."

"मग शेजारच्यांना बोलवा!"

"बोलावलं असतं. पण अप्पांना आवडेल का? म्हणजे कुठल्या अवस्थेत असतील, चार लोकांसमोर..."

"अँब्युलन्स?"

"तोच विचार करतोय. पण आधी नक्की काय झालंय ते कळलं तर त्यांना नीट सांगता..."

"मी निघालेय," बायको म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "पण अप्पा आत आहेत ना? मग तुम्ही अजून बाहेर काय करताय?"

फोन बंद झाला. धप्पकन आवाज आल्यापासून थांबाराव पहिल्यांदाच गप्प झाले. आणि तेव्हा नळाच्या आवाजाखालून त्यांना ऐकू आलं, अगदी बारीक.

"अरे... ए..."

पुढचं थांबारावांना स्वतःलाही नीट आठवत नाही. ते चार पावलं मागे गेले, डोळे मिटले आणि खांदा पुढे करून त्यांनी दारावर झेप घेतली. पाणी पिऊन पिऊन आतून कुजलेलं ते दार मधोमध फाटलं, आणि अर्धं दार गळ्यात अडकवून थांबाराव बादलीत पडले.

अप्पा पलीकडच्या भिंतीशी कुशीवर पडले होते. अंग भिजून गार पडलेलं, ओठ थरथरत होते. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता.

"आधी नळ बंद कर," अप्पा म्हणाले.

थांबारावांनी गळ्यातलं दार काढून नळ बंद केला. दिसेल तो टॉवेल ओढून अप्पांच्या अंगावर घातला, पायाला हात न लावता त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने अँब्युलन्सला फोन करून पत्ता एका दमात सांगून टाकला. कुठेही 'पण' नाही, 'समजा' नाही.

"कधीपासून हाका मारतोय," अप्पा पुटपुटले. "पण तू बोलायचा थांबशील तर ना."

"अप्पा, सकाळी मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं." थांबाराव बसूनच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मला वाटलं, तुम्ही गेलात."

अप्पांनी ओला हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"घाबरू नकोस. तोडता येतं की तुलाही," ते म्हणाले. मग त्यांनी चौकटीकडे नीट पाहिलं. "फक्त एक सांगू का? आपलं दार बाहेर उघडतं रे. आणि कडी मी आयुष्यात कधी लावलेली नाही."

थांबारावांनी दाराकडे पाहिलं. ती ढिली मूठ बाहेरच्या बाजूला जागच्या जागी होती, दार मात्र अर्धंच उरलं होतं.

अप्पांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला, बाकी माणूस ठणठणीत. काही दिवसांनी ते हॉस्पिटलातून घरी आल्या आल्या थांबारावांनी सुताराला बोलावून घेतलं. यापुढे विचार करत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि बायकोला तसं सांगितलंही होतं. ती पडद्याआडच्या आंघोळीला कंटाळली होती, त्यामुळे तिला ते ऐकून बरं वाटलं. सुतार या वेळी रंधा, करवत, सगळं घेऊन आला.

"लाकूड कुठलं?"

"साधं. चांगलं."

"रंग?"

"पांढरा."

सुतार थक्क झाला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली. नवऱ्याचं हे रूप तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते आवडलं होतं.

"आणि उघडायचं कुठे, साहेब? आत की बाहेर?"

थांबाराव क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "आत!"

त्याबरोबर आतल्या खोलीतून, पलंगावरून, प्लॅस्टरसकट उठून बसत अप्पा जिवाच्या आकांताने ओरडले,

"थांबा!"