बोरमाळेतल्या साती आसरा

दगडाबाईनं नवऱ्याला, हौसरावांना, एवढंच सांगितलं होतं, "बोरमाळंचा दोरा तुटलाय. शिक्रापूरला जाऊन ओवून आणा. आन् डोकं चालवू नगा."

रविवारी दौंडला भाचीचं, करिश्माचं, लग्न होतं. मामीचा गळा मोकळा दिसला असता, तर सगळ्या भावकीला जेवणाआधीच चघळायला मिळालं असतं.

पण शिक्रापूरच्या ट्रकांमागून धुरळा खात जाताना हौसरावांचं डोकं आपोआप चालू झालं. (वर्षातून एकदा होतं, निस्तरायला घरच्यांना वर्ष लागतं.)

सोनाराच्या दुकानाचा आता स्टुडिओ झाला होता. गल्ल्यावर सोनाराची सून अनुपमा, डिझायनर. काचेच्या कपाटात तिनं ओबडधोबड दगड चांदीच्या तारेत गुंफून मांडले होते.

"हे काय गं, गारगोट्या इकताय व्हय?"

"आबा, ह्याला कंटेम्पररी म्हणतात. दगड निसर्गाचा, तारकाम आमच्या सासऱ्यांच्या हातचं. पुण्याच्या बायका रांग लावतात."

"आमच्या विहिरीतनं असल्या पाट्या भरून निघाल्या हुत्या!"

"मग आणा की. बोरमाळेतच गुंफून देते."

हौसराव तसेच माघारी गावी, केंदूरला, थेट विहिरीवर. इकडं ते फारसे फिरकत नसत. दर शुक्रवारी दगडाबाई विहिरीवरच्या साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या देवतांना, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची. तो घरी आला की संपवायचा, एवढीच हौसरावांची भक्ती. आज मात्र नशीब बघा! कोनाड्यात सात गारगोट्या ओळीनं, धुऊनपुसून, जणू त्यांचीच वाट बघत. (विहिरीवर दगड धुऊन कोण ठेवतं, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता.) सातही पिशवीत गेल्या आणि पिशवी शिक्रापूरला.

शनिवारी संध्याकाळी दगडाबाईनं डबी उघडली. सोन्याच्या मण्यांमधून सात दगड चमकत होते.

"कशी हाय?" हौसराव फुलले.

"जलमभर नावात दगड वागवला, आता गळ्यात बी घालू व्हय?" तिनं माळ उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला. "अवो, हे कुठनं आणले?"

"कोनाड्यातनं. पडलेच हुते."

"पडले न्हवते, बसवले हुते! माझ्या आसरा हायत त्या! लग्नाचं पहिलं कुंकू लावायला धुऊन ठेवल्या हुत्या. भोकं पाडली का वो त्यांना?"

"छ्या! नुसती तार गुंडाळलीय." (डोकं तिथवर पोचलं नाही, ही पूर्वजांची पुण्याई.)

"मग सोडवून आणा."

"आता? दुकान सोमवारी उघडंल."

दगडाबाई उठली. तिनं सातही दगडांना हळदीकुंकू लावलं आणि माळ गळ्यात घातली.

"पाया पडा."

"तुझ्या?"

"आसरांच्या! मधी मी आले, त्याला मी काय करू?"

दौंडच्या मांडवात बायका नावं ठेवायला म्हणून जवळ आल्या आणि दगडांवरचं हळदीकुंकू बघून मामीची ओटी भरून गेल्या. आधी पाया कुणी पडायचं, हे मामीनं हौसरावांकडं नुसतं बघून ठरवलं.

सोमवारी माळ सोडवायला द्यायची गोष्टच निघाली नाही. शुक्रवारी दहीभात हौसरावांनी कालवला, दगडाबाईच्या गळ्यातल्या देवींपुढं ठेवला, डोळे मिटून हात जोडले आणि सवयीनं वाटीकडं हात नेला.

वाटी चाटूनपुसून लख्ख होती.

"मीठ कमी हुतं," आसरा म्हणाल्या.