सोबत चालण्याचा कार्यक्रम

जो विषय सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्यासाठी समिती नेमावी लागते. जो कोणालाच ठाऊक नसतो, त्यावर एकटा माणूससुद्धा तासभर बोलू शकतो. या न्यायाने पेडणे तालुक्यातल्या एका चर्चने (गावाचे नाव सांगत नाही, गाव लहान आहे आणि नातेवाईक फार आहेत) गेल्या वर्षी एक समिती नेमली. वरून परिपत्रक आले होते. लैंगिकतेविषयी तरुणांना नीट शिकवावे, आणि ज्यांची ओढ चारचौघांसारखी नाही त्यांना दूर न लोटता आधार द्यावा, असे त्यात उत्तम इंग्रजीत लिहिले होते. सावंतवाडीकडून येऊन स्थायिक झालेली बरीच ख्रिस्ती कुटुंबे मराठी बोलणारी, म्हणून मराठी अनुवाद हवा होता. त्यासाठी मूळचे हळर्णचे, पण याच गावात घर केलेले निवृत्त मराठी शिक्षक गोकुळदास परब यांना पाचारण झाले.

मास्तर हिंदू. त्यामुळे ते या बाबतीत निःपक्षपाती असणार, असे समितीने गृहीत धरले. मास्तरांनीही धरले. शिवाय त्यांना अनुभव होता. शाळेत विज्ञानाचे सर 'तो' धडा आला की दरवर्षी रजेवर जात, आणि त्या तासाला मास्तर जाऊन मुलांना समास शिकवत.

समितीत तिघे होते. फादर ज्योकिम, वयाने तरुण आणि आवाजाने मऊ. कायतान, ज्याने डिचोलीच्या खाणींवर वीस वर्षे स्वतःचा ट्रक चालवला. आणि पिएदादबाई, निवृत्त नर्स. अर्ध्या गावाचा जन्म बाईंच्या हातून झालेला. त्यांना विषयाची संपूर्ण माहिती होती आणि शरीराच्या अवयवांना त्या नावाने हाक मारत, म्हणून त्यांच्याकडे चहापानाची जबाबदारी देण्यात आली.

पहिल्या तीन बैठका शब्दावर गेल्या. मास्तरांनी 'लैंगिकता' सुचवला. कायतान उभा राहिला.

"मास्तर, लिंग तुमच्या देवळात आसता. आमच्या इगर्जीत ता कित्याक हाडतात?"

देवळातली वस्तू चर्चमध्ये कशाला आणायची, हा मुद्दा धर्मशास्त्रीय असल्याने त्यावर मतदान घेता येईना. मास्तरांनी 'कामजीवन' सुचवला. त्यावर, लोक काम म्हणजे नोकरी समजून अर्ज घेऊन येतील, अशी रास्त भीती व्यक्त झाली. 'शरीरसंबंध' या शब्दाला फादरना खोकला आला. अखेर 'तो विषय' हा शब्दप्रयोग एकमताने मंजूर झाला आणि समितीचे नाव 'तो विषय समिती' असे पडले. (फलक रंगवणाऱ्याने 'कोणता?' असे विचारले. त्याला दुसरे काम देण्यात आले.)

मग शिकवण. लग्न ठरलेल्या नऊ जोडप्यांचा वर्ग भरला. जे ठाऊक आहे त्यातूनच शिकवावे, या तत्त्वाने कायतानने ट्रकवरून सुरुवात केली. लायसन्स मिळेपर्यंत गाडी गेटाबाहेर काढायची नाही. उतारावर घाई करायची नाही. माल भरल्यावर ब्रेक उशिरा लागतो. अठराही जणांनी वह्यांत लिहून घेतले. एका मुलीने विचारले, "अंकल, आणि गाडी चालवायचीच नसेल तर?" कायतानने थोडा विचार करून सांगितले की त्यासाठी पाद्री घडवणारी सेमिनरी आहे. वर्ग यशस्वी झाला. त्यातल्या दोघांनी पुढे खरोखरच ट्रक घेतला.

राहिला आधार देण्याचा भाग. परिपत्रकात लिहिले होते की अशा व्यक्तींच्या 'सोबत चालावे'. हा अनुवाद मास्तरांचा. मूळ इंग्रजीत बहुधा काहीतरी अधिक अवघड होते. पण मराठी वाक्य वाचून समितीला प्रथमच काय करायचे ते स्पष्ट समजले : चालायचे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या फाटकापासून समुद्रापर्यंत, अंतर दोन किलोमीटर, पाण्याच्या बाटल्या समितीतर्फे.

ज्यांच्यासाठी चालायचे त्यांची ओळख गुप्त राहावी, म्हणून सगळ्या गावाने, कुठल्याही धर्माच्या माणसाने, पांढरी टोपी घालून यावे असे ठरले. मास्तरांनी पत्रक लिहिले आणि त्यात तीन नियम घातले. कोणाला काही विचारू नये. सल्ला देऊ नये. स्थळ सुचवू नये. पत्रक इतके सोपे आणि मायाळू उतरले की डिचोलीच्या बाजारातसुद्धा त्याची छायाचित्रे फोनवरून फिरली.

रविवारी चौऱ्याऐंशी माणसे आली. सोबत कोणाला हवी आहे, असे विचारायची नियमाने बंदी होती. म्हणून चौऱ्याऐंशीही जण सोबत द्यायलाच आले आहेत असे धरण्यात आले, आणि चौऱ्याऐंशीही जण इकडेतिकडे बघत चालू लागले. अविवाहित पुरुष जरा जास्तच जोरात पाय आपटत होते. पंधरा वर्षांत एकमेकांशी धड न बोललेल्या एका जोडप्याने त्या दिवशी समुद्रापर्यंत हातात हात धरला.

पहिल्या वळणावर मास्तरांच्या शेजारी त्यांचा मुलगा गौरेश येऊन चालू लागला. वय एकतीस, डिचोलीला औषधांच्या कंपनीत नोकरी, राहणेही तिथेच. आतापर्यंत अकरा मुली पाहून झाल्या होत्या. नकाराची कारणे : उंची चार, पत्रिका तीन, 'बघू' चार. मुलगा चोखंदळ आहे, असा मास्तरांचा निष्कर्ष होता.

"बाबा, ते पत्रक तुम्ही लिहिलंत ना?"

"हो. का रे?"

"चांगलं लिहिलंत." थोडी पावले गेली. "मला वाटलं, माझ्यासाठीच लिहिलंत."

मास्तर जागच्या जागी थांबले. मागून कायतान येऊन आदळला.

"मास्तर, ब्रेकलायट तरी लावा!"

मास्तर पुन्हा चालू लागले. तोंडाशी पहिल्यांदा आला तो प्रश्न : कधीपासून? तो पहिल्या नियमात बसत नव्हता. मग म्हापशाच्या एका डॉक्टरांचे नाव आले. दुसरा नियम. मग, इतक्या लवकर हार मानू नये, नाईकांची धाकटी अजून आहे, असे आले. तिसरा. तिन्ही दारे त्यांनी स्वतःच्या हाताने, शुद्धलेखनासह, बंद केली होती. त्यांना ती अकरा घरे आठवली. प्रत्येक ठिकाणी खाली मान घालून पोहे खाणारा गौरेश, आणि शेजारी बसून पोह्यांची तारीफ करणारे आपण. कान गरम झाले.

"पाणी घे," ते म्हणाले.

गौरेशने बाटली घेतली. समुद्र येईपर्यंत बाटली दोघांत फिरत राहिली, आणि अंतर पुरते कापले गेले. समितीच्या सर्व उपक्रमांत ठरल्याप्रमाणे पार पडलेला हा एकमेव भाग.

सोमवारी सकाळी गावात तपास सुरू झाला. पोदेर पाव घेऊन दारोदार फिरला आणि पावाबरोबर दोन-दोन नावे वाटत गेला. संध्याकाळी चहाच्या दुकानात कायतानने गौरेशविषयी सर्वांदेखत विचारले, "मास्तर, तुमचो झील डिचोलीसून इतक्या लांब कित्याक आयल्लो?"

दुकानात चमचे थांबले. मास्तरांनी बशी खाली ठेवली. आवाज वर्गातला होता.

"मी बोलावलं म्हणून आला. सोबत मला हवी होती. तो विषय माझा आहे."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी केलेल्या या निवेदनाने गावाची झोप उडाली. बातमी मास्तरांच्या आधी घरी पोचली. पत्नी चंद्रावतीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे नखशिखान्त पाहिले आणि म्हणाल्या, "तरीच!"

"तरीच काय?"

"शर्टाच्या घड्या स्वतः घालता. मालिका बघून रडता. मी कधी बोलले नाही."

मास्तरांनी तेही सोसले.

दुसऱ्या दिवसापासून आधार येऊ लागला. कायतानने दोन डझन केळी आणली आणि तासभर गिअरबॉक्सवर बोलला. पिएदादबाईंनी रक्तदाब तपासला, तो वाढला होता. त्यांनी तो 'त्या विषया'मुळे नसून मिठामुळे आहे, असे गावात मोठ्या आवाजात सांगितले. फादर ज्योकिम आले, चहा प्याले, काही विचारले नाही, आणि जाताना म्हणाले, "मास्तर, रविवारी परत चालूया. दोघेच." टोप्या त्यांनी आणल्या नव्हत्या.

मास्तरांच्या स्वतःच्या देवस्थान समितीने मात्र समंजसपणा दाखवला. गेली बावीस वर्षे जत्रेची पत्रिका मास्तर लिहीत. सचिव गोपाळ घरी येऊन ओसरीवरूनच म्हणाला, "यंदा तुम्ही आराम करा." आपल्याकडे तो विषयच नाही, तेव्हा समिती नाही, परिपत्रक नाही, केळीसुद्धा नाहीत.

चौथ्या दिवशी मास्तरांच्या लक्षात आले की ते येताच बोलणी थांबतात. सहाव्या दिवशी त्यांनी बाजारात जायचे सोडले. आठव्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या हिशेबच लागेना, की आपण आठवड्यात इतके दमलो, तर तो पोरगा हे किती वर्षे मनात घेऊन जेवायला बसत होता.

त्याच दिवशी डिचोलीला कोणीतरी सहानुभूतीने गौरेशचा खांदा थोपटला आणि वडिलांची चौकशी केली. तो मोटारसायकलवरून तसाच घरी आला. बापाकडे बघून आधी पोट धरून हसला. हसता हसता त्याचे रडू कधी सुरू झाले ते त्यालाही कळले नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला सरळ शब्दांत सगळे सांगितले.

चंद्रावतीबाई पाटावर बसल्या.

"म्हणजे ह्यांचं काही नाही?"

"काही नाही."

"मग आठ दिवस मी ह्यांना हळद घालून दूध देतेय ते कशाला?" मग पदराने डोळे पुसून, "आणि तुझं कोण आहे का?"

"रुद्रेश."

"चवथीला आला होता तो? बारा नेवऱ्या खाल्ल्या त्याने." त्यांनी जरा विचार केला. "येऊ दे. पण आधी सांग, म्हणजे जास्त करते. आणि लोकांना काय सांगायचं?"

"मी सांगेन," गौरेश म्हणाला. "बाबांनी पुष्कळ सांगितलं."

त्याने सांगितले. गावाला आठ दिवसांत दुसऱ्यांदा धक्का बसायला हवा होता, पण गाव थकले होते. कायतानने मास्तरांना दिलेल्या केळ्यांचा विषय काढला नाही. फादरनी अहवालात 'उपक्रम उपयुक्त' एवढेच लिहिले. देवस्थान समितीने मास्तरांना पत्रिका परत दिली, आणि मास्तरांनी ती तशीच परत केली.

मास्तर हल्ली मोकळे आहेत. त्यांनी ओळखीच्या मंडळांना, महिला समित्यांना, दोन गृहनिर्माण संस्थांना कळवले आहे की असे पत्रक मोफत लिहून मिळेल. सर्वांकडून नम्र उत्तरे आली : आमच्याकडे तसा कोणी नाही.

तुमच्याकडेही नसेलच. खात्री करायची असेल तर जेवताना ताटे मोजून बघा, आणि खाली मान घालून कोण जेवतो तेही. विचारू मात्र नका. एखाद्या वेळेस कोणी उत्तर द्यायचा.